अहो, कापू नका

९ जानेवारी

अगं,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. आतापर्यंत सात वेळा फोन केला. सातही वेळा तुझ्या ताईंनी घेतला आणि सातही वेळा तू अंघोळीला गेली होतीस. एकदा तर दुपारी चार वाजता. इतक्या अंघोळींनी तुला सर्दी व्हायची, म्हणून आता फोन बंद.

महिना उलटला. ताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन त्या जिने चढायला लागल्या असं त्यांनीच सांगितलं. मग तू तिथे कशासाठी थांबली आहेस, हे मला कुणीतरी समजावून सांगावं. तीन डिसेंबरला तू घरी आलीस, हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवली नाहीस. खिडकीखालच्या वाफ्याकडे बघितलंस, "तुम्हांला डोकं दिसलं की कापायचंच असतं का?" एवढं म्हणालीस आणि आल्या पावली परत फिरलीस. चहासुद्धा घेतला नाहीस. मी काय कुणाचा केसानं गळा कापला होता?

काय केलं मी? वाळके दांडे कापले. तुझी ती जांभळी, ते जांभळ्या फुलांचं झुडूप, फुलून सुकलं होतं, पानं झडली होती, छातीइतक्या उंच नुसत्या काड्या उभ्या होत्या आणि वर काळी बोंडं. दुसऱ्या दिवशी कमिटीची वार्षिक पाहणी. मी कमिटीचा सेक्रेटरी आणि माझ्याच खिडकीखाली ते रान. "आवारात गुडघ्यापेक्षा उंच गवत, तण किंवा वाळलेलं झुडूप राहता कामा नये," हा अकरावा नियम मीच लिहिलेला आहे. चाळीस वर्षं दुनियेची डोकी नीट करणारा माणूस स्वतःच्या दाराशी झिपऱ्या वाढू देईल का? अध्यक्ष आले, बघितलं, म्हणाले, "वा, मास्तर, अगदी मशीन मारल्यासारखं केलंत." त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर एक केस नाही, पण माणसाला कामाची कदर आहे.

मुळं आहेत जागच्या जागी. दिवस उबदार झाले की येईल वर आपोआप. वाळलेलं कापायचं नसतं, हे मला कुणी सांगितलं होतं का? रोज दुकान उघडायच्या आधी वाफ्याला दोन बादल्या पाणी घालतो. पाणी घालणारा माणूस दुष्ट असतो का, हे ताईंना विचार.

चिडलेला,
मी

३० मार्च

अगं,

पत्राला उत्तर नाही. पोस्टमन दर शनिवारी दाढीला बसतो आणि आरशातून माझ्याकडे बघत नुसती मान हलवतो. गेल्या शनिवारी म्हणाला, "मास्तर, तुमच्यापेक्षा वीजबिलाचं नशीब चांगलं, ते तरी येतं." त्याच्या गळ्यावर माझा वस्तरा होता, तरी म्हणाला.

ताईंनी मात्र फोन केला. मला वाटलं तुझा निरोप असेल. निरोप कसला, त्यांनी माझी बिनपाण्यानं हजामत केली. म्हणे तू ऑपरेशनसाठी त्यांच्याकडे जाताना वाफ्यात चिठ्ठी लावून गेली होतीस. असेल. उघड्यावरची चिठ्ठी, चार दिवसांचं दव. अक्षरं धुऊन गेली असतील, कागद उडून गेला असेल. वाऱ्याला मी काय करणार?

आता मुद्द्याचं. वाफा अजून तसाच आहे, काळी माती आणि पाणी. म्हटलं उगीच तोंड बघत बसण्यापेक्षा हातपाय हलवावेत. नर्सरीत गेलो. माणसाला सांगितलं, जांभळी फुलं, छातीइतकी उंची, दरवर्षी मुळापासून परत येणारं, इथलंच. तो म्हणाला, "काका, इथलं कोण मागतं? याच्यापेक्षा भारी देतो." आणि त्यानं सहा कुंड्या दिल्या. अगं, काय फुलं! तुझ्या जांभळीच्या फुलाला पाकळ्यांची एक ओळ आणि मध्ये उघडं केसर. या फुलांना पाकळीवर पाकळी, नुसता गोंडा. सहाही रोपं ओळीत लावली. दोरी धरून लावली. येणारी-जाणारी माणसं थांबून बघायला लागली.

मग कॉलेजच्या मॅडमचा फोन आला. तू त्यांच्यासाठी दर रविवारी फुलांवर येणाऱ्या माशा मोजतेस, ती यंदाची मोजणी सुरू झाली का, असं विचारत होत्या. मी काय सांगणार, की मोजणारी बाई रुसून बहिणीकडे गेली आहे? म्हटलं, चालू आहे. तोंडातून गेलं ते गेलं. मग खिळ्यावरची तुझी वही काढली, तुझं स्टूल काढलं आणि रविवारी अकरा वाजता दुकानात पाच गिऱ्हाइकं बसलेली असताना बाहेर जाऊन पंधरा मिनिटं फुलांसमोर बसलो. एकाच्या अर्ध्याच डोक्याचे केस कापून झाले होते.

पहिला रविवार, शून्य. दुसरा, शून्य. तिसऱ्या रविवारी एक माशी आली, एका फुलावर बसली, गोंड्यात डोकं घालायला जागा शोधली, नाही मिळाली, निघून गेली. आज चौथा, शून्य. वहीची मागची पानं उलटून बघितली. गेल्या सप्टेंबरात तुझ्या अक्षरात लिहिलंय, पंधरा मिनिटांत एकशे बारा. मी नर्सरीवाल्याकडे जाऊन भांडलो. तो म्हणाला, "काका, ही फुलं माणसांसाठी असतात."

हे तू मला आधी सांगायला नको होतंस?

डोकं फिरलेला,
मी

२१ एप्रिल

अगं,

मॅडम येऊन गेल्या. गोंड्याच्या फुलांकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. वाफ्यात बोटं घातली, इथे खुपसली, तिथे खुपसली. मग विचारलं, "मुळं कुठे आहेत?"

मी म्हटलं, "खाली."

त्या म्हणाल्या, "खाली फक्त चिखल आहे हो. तुम्ही चार महिने कशाला पाणी घालताय?"

पुढचं लिहावंसं वाटत नाही. भात करपला आहे, तो बघतो.

मी

४ मे

अगं,

काल दुकानात जे झालं ते सांगण्यासारखं नाही आणि न सांगता राहवत नाही.

आधी एक सांगतो. ते दांडे मी सगळे टाकून दिले नव्हते. त्यातले चाळीसेक सरळ, गुळगुळीत होते आणि आतून पोकळ. मला आवडले. हातभर लांबीचे एकसारखे कापून दुकानाच्या खिडकीत डब्यात ठेवले. केसांना लावायचा रंग ढवळायला अशा काड्या झकास. लाकडाच्या काडीला रंग चिकटून बसतो, याला नाही. तर काही काड्यांची तोंडं चिखलानं बुजलेली होती. तुला माहीत आहे मला घाण चालत नाही. रिकाम्या वेळात मी बारीक तार घेऊन ती तोंडं साफ करायला बसलो. आतून पिवळट पूड यायची, आणि तिच्यामागून तांदळाच्या दाण्याएवढं पांढरं, मऊ काहीतरी. मी ते कागदावर झटकून टाकत होतो. सव्वीस काड्या साफ केल्या. चौदा राहिल्या, त्याही गिऱ्हाईक आलं म्हणून.

काल शनिवार. पोस्टमनच्या तोंडाला फेस फासला होता आणि वस्तरा कानाशी ठेवला, एवढ्यात डब्यातून कुरकुर ऐकू आली. लाकडाला कीड लागल्यावर येते तशी. बघतो तर एका काडीच्या तोंडचा चिखल आतून फुटतोय. आधी मिशा बाहेर आल्या, मग डोकं, मग एक केसाळ तपकिरी अंग. बाहेर येऊन ती काडीच्या काठावर बसली आणि पंख झटकायला लागली. मग दुसरी काडी फुटली. मग तिसरी. पोस्टमन खुर्चीत ताठ. "मास्तर, चावतात का?" "हलू नकोस," मी म्हटलं. त्याच्या तोंडाला फेस आणि माझ्या तोंडचं पाणी पळालेलं. पाऊण तासात सतरा माशा निघाल्या. कुणाला चावल्या नाहीत. आरशाला धडकत होत्या, म्हणून मी पंखा बंद केला, दार उघडलं, खिडक्या उघडल्या. एकेक करून बाहेर गेल्या.

बाहेर जाऊन त्या कुठे गेल्या माहीत आहे? वाफ्यावर. थेट खिडकीखालच्या वाफ्यावर. गोंड्याच्या फुलांवर घिरट्या घातल्या, पोटभर काही मिळेना, परत घिरट्या. मी दारात उभा. पोस्टमन अर्ध्या दाढीनं शेजारी उभा. तो म्हणाला, "घर शोधतायत वाटतं."

मग मी त्याची उरलेली दाढी केली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी गिऱ्हाइकाला कापलं. हनुवटीखाली, थोडंच.

सव्वीस काड्या, अगं. एकेका काडीत किती असतील? तू तीस वर्षं नवजात बाळांच्या वॉर्डात काढलीस. तिथली बाळं दाखवायला मला न्यायचीस, तर मी म्हणायचो, सगळी सारखीच दिसतात. आता ती तार माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. मी मुद्दाम केलं नाही. पण केलं मीच.

मी

८ जून

अगं,

आता खोटं पुरे. मुळं वाफ्यात नाहीत. मी पहिल्या पत्रात लिहिलं ती थाप होती.

दांडे कापल्यावर बुडखे राहिले होते. ओळीत नव्हते, वरखाली, एक इकडे एक तिकडे. दाढी केल्यावर खुंट हाताला लागावेत तसं वाटत होतं. मी कुदळ घेतली आणि सगळं उपटलं. तीन मोठे गड्डे निघाले. तेच तीन, जे तू हॉस्पिटलमागच्या नदीकाठावरून आणले होतेस. तिथे भिंत बांधणार होते, त्याच्या आदल्या दिवशी रजा टाकून गेलीस आणि इंजेक्शनच्या रिकाम्या खोक्यांतून आणलेस. आता त्या काठावर नुसतं सिमेंट आहे, हेही मला ठाऊक होतं. पुन्हा कुठून मिळणार नाही, हे ठाऊक असताना उपटलं. ते उचलून इमारतीमागच्या कोपऱ्यात टाकले, जिथे मी दुकानातले कापलेले केस आणि पालापाचोळा टाकतो. मग वाफा दाताळ्यानं सारखा केला. आणि त्या रिकाम्या मातीला चार महिने रोज दोन बादल्या पाणी. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात, इथे घडाच नव्हता.

आणि आज सकाळी केसांची पाटी रिकामी करायला मागे गेलो. केसांच्या ढिगातून हिरवं वर आलंय. करवती कडांची पानं, खाली जांभळट दांडा. मला आधी विश्वास बसेना. खाली बसलो, पान चुरगाळून वास घेतला. तूच ती. म्हणजे तुझीच ती. माझ्या गुडघ्याच्या वर चार बोटं वाढली आहे. पोराटोरांच्या, म्हाताऱ्यांच्या, गावभरच्या डोक्यांच्या केसांत ऊब धरून झोपली होती आणि सगळी झाडं फुटून झाल्यावर सावकाश उठली आहे. तू म्हणायचीसच, हिला घाई नसते.

मला नाचावंसं वाटलं. दोन मिनिटं. तिसऱ्या मिनिटाला लक्षात आलं, गुडघ्याच्या वर. येत्या रविवारी कमिटीनं गवत कापायचं मशीन बोलावलंय, आणि पहिला कोपरा हाच. नोटिशीखाली सही कुणाची? सेक्रेटरीची. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

संध्याकाळी अध्यक्षांकडे गेलो. म्हटलं, तेवढा कोपरा सोडा. ते म्हणाले, "मास्तर, गेल्या वर्षी दुसऱ्या मजल्यावरच्या आजींचा वेल तुम्हीच कापायला लावला होता. त्या रडत होत्या. तेव्हा तुम्ही म्हणालात, नियम म्हणजे नियम." मला आठवत होतं.

मॅडमना विचारलं, उपटून दुसरीकडे लावू का? त्या ओरडल्याच. ऐन वाढीत हात लावलात तर मरेल, म्हणाल्या. म्हणजे उपटलं तर मरणार, ठेवलं तर कापणार. माझ्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस, एवढं तरी कळव. रविवारच्या आत.

मी

१५ जून

अगं,

कळवलं नाहीसच.

मी सहा वाजता उठलो. तुझं स्टूल घेतलं, वही घेतली आणि कोपऱ्यात केसांच्या ढिगासमोर जाऊन बसलो. आठ वाजता मशीनवाले दोघं आले, मागून अध्यक्ष. मी म्हटलं, "थांबा, मोजणी चालू आहे. पंधरा मिनिटं."

"कसली मोजणी?"

"फुलांवर किती येतात त्याची. कॉलेजला द्यायची असते."

अध्यक्षांनी जांभळीकडे बघितलं. एक फूल नाही, एक कळी नाही. नुसती पानं. "मास्तर, फूल कुठाय?"

"नाही अजून," मी म्हटलं.

"मग मोजताय काय?"

मी वहीत शून्य लिहिलं, तारीख घातली आणि म्हटलं, "आता पुढची पंधरा मिनिटं सुरू."

असं मी साडेदहापर्यंत केलं. दहा वेळा शून्य लिहिलंय, तुझ्या वहीत दिसेल. खिडक्यांतून सगळे बघत होते. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी तर गॅलरीत खुर्ची घेऊनच बसल्या. दुकानात गिऱ्हाइकं येऊन परत गेली. मला लाज वाटत होती, खरं सांगतो. कान तापले होते. पण उठता येईना. मशीनवाल्यांना अकराला दुसऱ्या इमारतीत जायचं होतं, ते पुढचं गवत कापून निघून गेले.

अध्यक्ष वैतागून म्हणाले, "नियम तुम्हीच लिहिलाय ना?"

"चुकीचा लिहिलाय," मी म्हटलं.

ते वाक्य मला ऐकू आलं तेव्हा माझंच मला नवल वाटलं. आपल्या संसारात तू ते किती वर्षं ऐकायची वाट बघत होतीस कोण जाणे, आणि ऐकलं कुणी, तर टक्कल पडलेल्या अध्यक्षांनी.

सेक्रेटरीपद गेलं. दुपारीच काढलं. शिक्का आणि दप्तर देऊन आलो. कोपरा डिसेंबरच्या पाहणीपर्यंत राहील, मग बघू, असं ठरलं. एकोणीस वर्षं मी तो शिक्का सांभाळला होता. जाऊ दे.

आजींच्या दारावर टकटक करून वेलाबद्दल माफी मागितली. त्या म्हणाल्या, "आता काय उपयोग?" बरोबर आहे त्यांचं. मी खाली आलो.

मी

३१ ऑगस्ट

अगं,

फुलली.

काल दोन होती, आज सकाळी मोजली तर चौतीस. माझ्या खांद्याला लागतात. रविवार होता, अकरा वाजता स्टूल टाकून बसलो. पंधरा मिनिटांत त्रेसष्ट. त्रेसष्ट, अगं! तपकिरी केसाळ माशा एकवीस, काळ्या चकचकीत छोट्या माशा तीस, हिरवट एक माशी, पिवळी फुलपाखरं सहा, आणि पाच असलं काहीतरी जे मला ओळखता आलं नाही. ती काय घाई करत होती सगळी! मला वाटलं होतं पंधरा मिनिटं जाता जात नाहीत. आज घड्याळ बघायचं राहून गेलं आणि वीस झाली. मग शेवटच्या पाच मिनिटांतले वजा कसे करायचे ते कळेना, म्हणून पहिल्यापासून पुन्हा बसलो.

चार वर्षं तू मला म्हणत होतीस, रविवारी अकराला पंधरा मिनिटं माझ्याशेजारी बसा. एकदाही बसलो नाही. रविवारी दुकानात रांग असते, हे माझं ठरलेलं उत्तर. रांग आजही होती. थांबली.

इथे पत्र संपवणार होतो. तीन वेळा संपवलंही. पण पाकिटात दुसरा एक कागद घालतोय, त्याबद्दल लिहायला हवं.

चिठ्ठी उडाली नव्हती. अक्षरं धुतली गेली नव्हती. तू ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून काठीला बांधली होतीस, तशीच होती. मी वाचली. पहिला शब्द "अहो". इमारतीत साठ माणसं राहतात, त्यातल्या एकालाच तू अहो म्हणतेस. म्हणजे ती दुसऱ्या कुणासाठी होती असं म्हणायलाही मला जागा नाही. "अहो, कापू नका. आत पिल्लं आहेत. मंगळवारी येते."

मी वाचली, घडी घातली आणि खिशात टाकली. मनात म्हटलं, काड्यांत कसली पिल्लं! उद्या अध्यक्ष वाचतील आणि हसतील. मास्तरांच्या बायकोला काडीत पिल्लं दिसतात म्हणतील. मला तुझी लाज वाटली. त्या सगळ्यातलं हेच खरं कारण आहे. पाहणी, नियम, झिपऱ्या, ते सगळं नंतरचं. मला लोकांपुढे तुझी लाज वाटली, म्हणून कापलं, आणि कापल्यावर तू बोलशील म्हणून रागानं उपटलं.

नऊ महिने ही चिठ्ठी माझ्या दुकानाच्या गल्ल्यात, वस्तऱ्याच्या पात्यांखाली होती. रोज दिसायची.

परत ये असं म्हणायला मला तोंड नाही. फुलं सप्टेंबरअखेरपर्यंत राहतील असं मॅडम म्हणतात. बघून तरी जा. ताईंनाही आण. मी हवं तर दुकानात बसेन, समोर येणार नाही.

मी

२१ सप्टेंबर

अगं,

काल पोस्टमन शिट्टी वाजवत आला. दाढीचा वार होता, पण खुर्चीत बसायच्या आधी त्यानं पाकीट माझ्या हातात दिलं आणि स्वतःच पंख्याखाली बसून माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

आत माझीच चिठ्ठी. म्हणजे तुझीच. परत. मग उलटी केली. मागे तुझं अक्षर.

"त्या माशा नाहीत, मधमाश्या आहेत. पंख मोजा, चार असतात. फुलं असताना कोणीही सांभाळतं. वाळल्यावर लिहा."

दहा महिन्यांत चार वाक्यं. त्यातली दोन चुका काढणारी.

पंख मोजायला बसलो. अगं, ती एका जागी बसेल तर ना! पंख मोजेपर्यंत उडून जाते. मी पंखांच्या मागे लागलो आणि आकड्यांचा घोळ झाला. आजची मोजणी मॅडमना पाठवण्यासारखी नाही.

वाळल्यावर लिहितो.

मी

७ डिसेंबर, रविवार

अगं,

आज पाहणी होती.

पानं महिन्यापूर्वीच झडली. काड्या उभ्या आहेत, काळी बोंडं, खाली केसांचा ढीग. दिसायला फार वाईट दिसतं, खोटं कशाला सांगू. रोज सकाळी पाटी रिकामी करायला जातो तेव्हा उजव्या हाताची बोटं आपोआप वळतात. गेल्या आठवड्यात कात्री खिशात आहे हे मला तिथे गेल्यावर कळलं. परत येऊन ती दुकानात ठेवली आणि मग गेलो. काही काड्यांची तोंडं चिखलानं बुजली आहेत. मोजल्या नाहीत. हात लावायला नको वाटलं.

तुझी चिठ्ठी प्लास्टिकच्या नव्या पिशवीत घालून काठीला बांधली. पहिली बाजू पुढे. दहा वाजता अध्यक्ष वही-पेन घेऊन आले. बरोबर नवीन सेक्रेटरी आणि चार माणसं. अध्यक्षांनी वाकून चिठ्ठी वाचली आणि गोंधळले. "अहो? मला कोण अहो म्हणतंय?"

"तुम्हांला नाही, मला," मी म्हटलं. "माझ्या बायकोची आहे. गेल्या वर्षीची."

"आत पिल्लं आहेत म्हणजे?"

मग मी सांगितलं. सगळं. काड्या, चिखल, तार, सव्वीस, चौदा, पोस्टमनची अर्धी दाढी. नवीन सेक्रेटरी हसला. मला वाटलं होतं मी शरमेनं मरेन. तसं काही झालं नाही. तो हसला, त्याचं हसून झालं, मी पुढे सांगत राहिलो. आजी वरून ओरडल्या, "खरं आहे ते, मी बघितलंय, उन्हाळ्यात माझ्या गॅलरीत येत होत्या!" त्यांनी माफ केलंय असं नाही, पण ओरडल्या.

अध्यक्ष म्हणाले, "मास्तर, फुलं होती तोवर मी काही बोललो का? माझ्या बायकोनं फोटोसुद्धा काढले. पण आता वाळलंय. आता तरी कापा."

"शेरा लिहा," मी म्हटलं. "कापणार नाही."

"तुमच्या नावापुढे अस्वच्छ लिहावं लागेल. वर्षभर दारातल्या फळ्यावर राहील. गिऱ्हाइकं वाचतील."

"लिहा. मोठ्या अक्षरात लिहा."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मग वहीत लिहिलं. नवीन सेक्रेटरीनं ते फळ्यावर उतरवलं, मी जाऊन बघून आलो. सलून, तळमजला, अस्वच्छ. एकोणीस वर्षं त्या फळ्यावर दुसऱ्यांची नावं मी लिहीत आलो. अक्षर बरं आहे नवीन सेक्रेटरीचं.

मॅडम म्हणतात, आता ती झोपली आहे, आता गड्डा खणून तीन भाग करून खिडकीखाली परत लावता येईल, काड्या न मोडता. मी नाही म्हटलं. माझा हात कापणाऱ्याचा आहे, लावणाऱ्याचा नाही. वाफा रिकामा ठेवलाय. गोंड्याची फुलं काढून नर्सरीवाल्याला परत दिली. पाणी घालत नाही.

दुकान आता रविवारी अकरा ते साडेअकरा बंद असतं, तशी पाटी लावली आहे. आज फुलं नव्हती, तरी अकराला जाऊन बसलो. तुझं स्टूल मोकळं ठेवून मी खाली विटेवर बसलो. थंडी होती. काड्या वाऱ्यानं एकमेकींवर वाजत होत्या. वहीत शून्य लिहिलं आणि तारीख घातली.

तू म्हणाली होतीस, वाळल्यावर लिहा.

अगं, वाळलंय. उभं आहे.

मी